पदवीचे नाव आणि विद्यापीठाची निवड : संगणकशास्त्र व संगणक अभियांत्रिकी ह्यांच्या इतिहासाच्या अनुषंगाने

१

आमच्या विभागातील एका पदव्युत्तर विद्यार्थिनीचा धाकटा भाऊ काही दिवसांपूर्वी माझ्याकडे आला होता. सांगली जिल्ह्यातील एका प्राथमिक शिक्षकाचा हा मुलगा. बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षेत त्याला बऱ्यापैकी गुण मिळाले होते आणि दोन महाविद्यालयांत प्रवेश मिळण्याजोगी स्थिती होती. त्यांपैकी एक महाविद्यालय पुण्याच्या विद्यापीठाशी संलग्न, दुसरे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी. पहिल्याच्या माहितीपुस्तिकेत पदवीचे नाव ‘कॉम्प्युटर इंजिनिअरिंग’ असे होते. दुसऱ्याच्या पुस्तिकेत ‘कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग’ असे. दोन्ही पुस्तिका माझ्या टेबलावर ठेवून त्याने विचारले, “सर, पुण्याच्या पदवीत ‘सायन्स’ हा शब्दच नाही. मग तिथे सायन्स शिकवीत नाहीत काय? ताई म्हणाली, शब्दांचे तुम्हांला विचारावे.”

प्रश्न भाबडा होता असे प्रथमदर्शनी वाटेल. पण तो तसा नव्हता. चार वर्षांचा काळ आणि वडिलांच्या पगाराचा मोठा हिस्सा ज्या निवडीवर खर्ची पडावयाचा, ती निवड करताना मुलाने हातात असलेल्या एकमेव पुराव्याचा, म्हणजे छापील नावाचा, अर्थ लावण्याचा प्रयत्न केला होता. शिवाय त्या नावातील शब्द एकमेकांशेजारी कसे आले, हा खरोखरच इतिहासाचा आणि काही अंशी भाषाभ्यासाचा प्रश्न आहे. त्याला त्या दिवशी जे तोंडी सांगितले तेच थोडे व्यवस्थित मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. असाच प्रश्न दर वर्षी असंख्य घरांत उपस्थित होतो, आणि त्याचे उत्तर देण्याची पाळी अनेकदा आपणां अध्यापकांवरच येते. म्हणून ह्या पत्रिकेच्या वाचकांना तो अप्रस्तुत वाटू नये.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘कॉम्प्युटर’ हा इंग्रजी शब्द यंत्राला लागण्यापूर्वी सुमारे तीनशे वर्षे माणसाला लागत होता. वेधशाळेत, सर्वेक्षण खात्यात किंवा तोफखान्याच्या कोष्टकांसाठी जो हाताने गणित करी तो कॉम्प्युटर. पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या मूर विद्युत अभियांत्रिकी विद्यालयात एनिॲक हे यंत्र उभे राहिले आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये ते जगापुढे आले. त्यावर प्रथम काम करणाऱ्या सहा स्त्रिया आधी ह्याच अर्थाने ‘कॉम्प्युटर’ होत्या. आपल्याकडील ‘गणक’ ह्या संस्कृत शब्दाची स्थितीही अशीच आहे. गणक म्हणजे मोजणारा, हिशेब ठेवणारा, ज्योतिर्गणित करणारा मनुष्य. त्याला ‘सम्’ हा उपसर्ग लागून ‘संगणक’ झाला आणि माणसाचे नाव यंत्राकडे गेले. दोन्ही भाषांत कर्तृवाचक नाम साधनवाचक झाले, ही अर्थांतराची वाट भाषाभ्यासकांना परिचित आहे.

खरा गुंता उत्तरपदांत आहे. ‘सायन्स’ आणि ‘इंजिनिअरिंग’ हा विरोध इंग्रजीत जितका स्पष्ट आहे तितका मराठीत मुळात नव्हता. आपला ‘शास्त्र’ हा शब्द अलंकारशास्त्र, धर्मशास्त्र, स्थापत्यशास्त्र अशा सर्व ठिकाणी चालत आला. पूल आणि इमारती बांधण्याच्या विद्येलाही आपण शास्त्रच म्हणत होतो. ‘विज्ञान’ हा शब्द निसर्गविज्ञानांपुरता संकुचित होणे आणि ‘अभियांत्रिकी’ हा शब्द घडवून रूढ होणे, ह्या दोन्ही गोष्टी अलीकडच्या होत. तेव्हा ‘संगणकशास्त्र’ आणि ‘संगणक अभियांत्रिकी’ ह्यांतील भेद मराठी भाषेने उत्पन्न केलेला नाही. तो विद्यापीठांच्या रचनेतून उत्पन्न झाला आणि भाषांतरातून आपल्याकडे आला. म्हणून त्याचा उलगडा शब्दकोशात शोधून भागणार नाही. विद्यापीठांच्या इतिहासातच तो शोधावयास हवा.

३

ह्या इतिहासातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. बहुतेक विद्यांत आधी विषय असतो आणि मग त्याची साधने येतात. येथे यंत्र आधी आले, त्याला ठेवावयाची जागा नंतर ठरली आणि विषय सर्वांत शेवटी जन्मास आला. यंत्र ज्या विभागाच्या छपराखाली ठेवले गेले, त्या विभागाचा स्वभाव पुढे त्या विषयाला चिकटला.

मूर विद्यालयात यंत्र विद्युत अभियंत्यांनी बांधले होते. १९४६ च्या उन्हाळ्यात तेथे जी व्याख्यानमाला झाली तिला केंब्रिजचे मॉरिस विल्क्स उपस्थित होते. पण विल्क्स परतले ते केंब्रिजच्या गणिती प्रयोगशाळेत. ही प्रयोगशाळा १९३७ मध्ये स्थापन झाली होती आणि निरनिराळ्या विद्याशाखांतील संशोधकांना गणनेची सोय करून देणे हे तिचे काम होते. तेथील एड्सॅक ह्या यंत्राने ६ मे १९४९ रोजी आपला पहिला कार्यक्रम चालविला, आणि १९५३ मध्ये त्याच प्रयोगशाळेने एक पदविका सुरू केली. संगणनाच्या शिक्षणासाठी विद्यापीठाने दिलेली ही जगातील पहिली अर्हता मानली जाते. तिच्या मूळ नावात ‘संख्यात्मक विश्लेषण’ आणि ‘स्वयंचलित गणन’ असे दोन शब्दसमूह होते. ‘संगणकशास्त्र’ ह्या शब्दाचा तीत पत्ताही नव्हता, ही गोष्ट बोलकी आहे. तेथे यंत्र हे गणिताचे साधन होते आणि अर्हतेचे नावही तेच सांगत होते.

मँचेस्टर येथे तिसराच प्रकार झाला. २१ जून १९४८ रोजी तेथील लहान प्रायोगिक यंत्राने स्मृतीत साठविलेला कार्यक्रम प्रथम चालविला. ते विद्युत अभियांत्रिकीतील विल्यम्स व किलबर्न ह्यांच्या हातचे होते. पण गणितातील मॅक्स न्यूमन ह्यांचाही त्या उपक्रमात महत्त्वाचा भाग होता. १९६४ मध्ये किलबर्न ह्यांच्या नेतृत्वाखाली तेथे संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला तेव्हा त्याचे मूळ अभियांत्रिकीत होते, आणि नाव मात्र शास्त्राचे होते. नाव आणि वंश ह्यांची अशी फारकत ह्या विषयाच्या इतिहासात वारंवार आढळते. वाचकांनी ती ध्यानात ठेवावी; पुढील विवेचनात तिचा उपयोग होणार आहे.

४

ह्या विद्येला स्वतंत्र स्थान असावे, असा आग्रह अमेरिकेत लुई फाइन ह्यांनी १९५९ मधील आपल्या लेखात धरला. विद्यापीठांनी केवळ यंत्रे विकत घेऊन गणनकेंद्रे चालवू नयेत, ह्या विषयाचे पदव्युत्तर विद्यालय उभारावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ऑक्टोबर १९६२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाने संगणकशास्त्राचा विभाग स्थापन केला; अमेरिकेतील असा पहिला विभाग म्हणून त्याचा उल्लेख होतो. हा विभाग गणिती शास्त्रांच्या शाखेत होता, अभियांत्रिकीत नव्हे. स्टॅनफर्डमध्ये जॉर्ज फोर्साइथ ह्या गणितज्ञाच्या पुढाकाराने १९६५ मध्ये विभाग निघाला, तोही मानव्य व विज्ञान विद्याशाखेत. तो अभियांत्रिकी विद्याशाखेत गेला १९८५ मध्ये. म्हणजे वीस वर्षे एका घरात वाढून मग तो दुसऱ्या घरी गेला, आणि नाव तेवढे पूर्वीचेच राहिले. पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेत १९६५ मध्येच असा विभाग स्थापन झाला. पर्लिस, न्यूएल आणि सायमन ही त्यामागची प्रमुख नावे होत. १९८८ मध्ये तेथे केवळ संगणकशास्त्राचे स्वतंत्र विद्यालय झाले.

ह्या विभागांना आपल्या अस्तित्वाचे समर्थन करावे लागत होते. यंत्राचे कसले शास्त्र, असा आक्षेप गणितज्ञ आणि पदार्थविज्ञानज्ञ घेत असत. १९६७ मध्ये ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात न्यूएल, पर्लिस व सायमन ह्यांनी ह्या आक्षेपाला उत्तर देणारे पत्र प्रसिद्ध केले. संगणक आणि त्यांच्याभोवती घडणाऱ्या घटना हाच ह्या शास्त्राचा विषय होय, अशी त्यांची भूमिका होती. पुढील वर्षी, १९६८ मध्ये, संगणनयंत्रविषयक अमेरिकन संघटनेने, म्हणजे एसीएमने, पदवीचा नमुना अभ्यासक्रम प्रसिद्ध केला आणि विषयाला बांधीव रूप आले.

मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटीने मात्र निराळा विभाग काढण्याचे टाळले. तेथे विषय विद्युत अभियांत्रिकीतच वाढला, आणि सत्तरीच्या दशकाच्या मध्यास त्या विभागाच्या नावात ‘आणि संगणकशास्त्र’ ही पुस्ती जोडली गेली. बर्कली येथे काही काळ विज्ञानाकडील आणि अभियांत्रिकीकडील अशा दोन चुली होत्या. १९७३ मध्ये त्या एकत्र आल्या, परंतु पुढे दीर्घकाळ एकच विभाग दोन विद्याशाखांतून दोन निरनिराळ्या पदव्या देत राहिला. ‘संगणक अभियांत्रिकी’ ह्या नावाची अमेरिकेतील पहिली पदवी क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात १९७१ मध्ये सुरू झाली असे मानले जाते. म्हणजे ज्या नावाला आपण मूळ मानतो, ते अभियांत्रिकीचे नाव ‘शास्त्रा’च्या नावानंतर सुमारे दशकभराने आले.

युरोपातील भाषांनी ह्या वादातून आपापली सुटका करून घेतली, असे म्हणावयास हरकत नाही. जर्मनीत ‘इन्फॉर्माटिक’ हा शब्द कार्ल स्टाइनबुख ह्यांनी १९५७ मध्ये वापरला; फ्रान्समध्ये फिलिप द्रेफ्यूस ह्यांनी १९६२ मध्ये ‘अँफॉर्मातिक’ हा शब्द पुढे आणला. डेन्मार्कमध्ये पीटर नाउर ह्यांनी ‘डेटालोगी’ असे नाव सुचविले आणि कोपनहेगन विद्यापीठाच्या विभागाने ते स्वीकारले. ह्या तिन्ही नावांत यंत्र नाही. पहिल्या दोहोंत माहिती आहे आणि तिसऱ्यात आधारसामग्री आहे. नाउर ह्यांचा तर आग्रहच होता, की शास्त्राचे नाव यंत्रावरून पडू नये. आपण इंग्रजीच्या मागे गेल्यामुळे यंत्रही घेतले आणि शास्त्र-अभियांत्रिकी हा वादही घेतला.

५

भारतातही यंत्र आधी आले, आणि विशेष म्हणजे विद्यापीठांच्या बाहेर आले. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबीस ह्यांच्या प्रयत्नाने १९५५ मध्ये ब्रिटिश बनावटीचा संगणक आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन् प्रभृती संशोधकांनी स्वतः बांधलेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्यालाच पुढे टिफ्रॅक हे नाव मिळाले. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे मोठे अमेरिकन यंत्र आले आणि त्याचा उपयोग देशातील अनेक संस्थांतील संशोधकांनी केला. सांख्यिकी आणि पदार्थविज्ञान ही ह्या यंत्रांची पहिली घरे होत. १८५७ पासून चालत आलेल्या आपल्या जुन्या विद्यापीठांत मात्र त्या वेळी यंत्र नव्हते, म्हणून विषयही नव्हता.

विषय शिक्षणात आला तो कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत. तेथे १९६३ मध्ये आयबीएम १६२० हा संगणक आला आणि प्राध्यापक व विद्यार्थी ह्यांच्यासाठी कार्यक्रमलेखनाचे वर्ग सुरू झाले. त्या काळात कानपूरला साहाय्य करणाऱ्या नऊ अमेरिकन संस्थांत पर्ड्यू, कार्नेगी, एमआयटी, बर्कली आणि केस ह्या पाचही होत्या. वर ज्यांचा इतिहास पाहिला त्यांपैकी बहुतेकांचा हात अशा रीतीने कानपूरला लागला होता. तेथे हा विषय प्रथम विद्युत अभियांत्रिकीच्या आश्रयाने पदव्युत्तर पातळीवर वाढला. पदवीचा अभ्यासक्रम सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस आला. १९५८ मध्ये सोव्हिएत साहाय्याने स्थापन झालेल्या पवईच्या संस्थेत सोव्हिएत बनावटीचा मिन्स्क संगणक होता. तेथील संगणकशास्त्र व अभियांत्रिकी विभाग ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी उभा राहिला. ‘शास्त्र व अभियांत्रिकी’ हे जोडनाव भारतात रूढ होण्यास ह्या तंत्रज्ञान संस्थांचा आदर्श मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाला, असे दिसते. आपला विषय केवळ यंत्रबांधणीचा नाही, आणि तरीही आपण अभियांत्रिकी संस्था आहोत, ह्या दोन्ही गोष्टी एकाच नावात सांगण्याची ती सोय होती.

महाराष्ट्रात ह्या विषयाचा प्रसार होण्यास निराळे कारण घडले. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील ह्यांच्या शासनाने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. ह्याच दशकात संगणकाचा विषय सर्वत्र विस्तारत होता. दोन्ही प्रवाह एकत्र आले आणि थोड्याच वर्षांत राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत ‘संगणक’ ही शाखा विद्यार्थ्यांच्या पसंतीची झाली. मुंबई व पुणे विद्यापीठांनी ‘संगणक अभियांत्रिकी’ हे नाव चालविले. शिवाजी विद्यापीठाने जोडनाव चालविले. दुसऱ्या बाजूने विज्ञान विद्याशाखेत बी.एस्सी. संगणकशास्त्र ही तीन वर्षांची पदवी वाढली. हिची नाळ गणित, संख्याशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स ह्या विषयांशी आहे. पहिलीवर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे नियंत्रण, दुसरीवर विद्यापीठ अनुदान आयोगाचे. पहिलीचा प्रवेश प्रवेशपरीक्षेने, दुसरीचा बहुधा बारावीच्या गुणांनी. शुल्कांतही मोठे अंतर. केंब्रिज आणि मूर विद्यालय ह्यांच्यातील जुना भेद अशा रीतीने आपल्याकडे दोन विद्याशाखांच्या रूपाने आजही नांदत आहे.

६

येथे आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. ‘विद्यापीठ निवडणे’ ह्या शब्दप्रयोगाचा अर्थ स्टॅनफर्डमध्ये आणि महाराष्ट्रात एक नाही. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ त्या काळच्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतलेले होते. अभ्यासक्रम ठरविणे, परीक्षा घेणे आणि पदवी देणे हे विद्यापीठाचे काम. शिकविणे हे महाविद्यालयाचे. ही संलग्नतेची पद्धत पुढील बहुतेक विद्यापीठांनी चालविली. म्हणून आपला विद्यार्थी जेव्हा दोन विद्यापीठांत निवड करतो तेव्हा तो वस्तुतः दोन अभ्यासमंडळांत आणि दोन महाविद्यालयांत निवड करीत असतो. महाविद्यालय स्वायत्त असेल तर अभ्यासक्रमही त्याचाच, आणि विद्यापीठाकडे उरते ते पदवीवरील शिक्क्याचे काम. पदवीपत्रावरील नाव अशा वेळी शिक्षणाविषयी फारच थोडे सांगते.

ह्याला पुष्टी देणारा साधा पुरावा आहे. अभियांत्रिकीतील पदव्युत्तर प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या गेट परीक्षेत संगणकशास्त्र आणि माहिती तंत्रज्ञान ह्यांची प्रश्नपत्रिका एकच आहे. पदवीचे नाव कोणतेही असो, उमेदवाराला तेच प्रश्न सोडवावे लागतात. २००५ मध्ये एसीएम व सहयोगी संघटनांनी संगणनाच्या क्षेत्रात संगणक अभियांत्रिकी, संगणकशास्त्र, माहिती प्रणाली, माहिती तंत्रज्ञान आणि सॉफ्टवेअर अभियांत्रिकी असे पाच विषय वेगळे दाखविले. त्या अर्थाने पाहिले तर संगणक अभियांत्रिकीत परिपथ, संकेत, प्रक्रियकांची रचना आणि यंत्रात बसविलेल्या प्रणाली ह्यांना प्राधान्य असते. संगणकशास्त्रात अल्गोरिदम, गणनसिद्धान्त, भाषांची रचना आणि त्यांचे कंपायलर ह्यांना. परंतु आपल्याकडील ‘संगणक अभियांत्रिकी’चा अभ्यासक्रम उघडून पाहिला, तर त्याचा बराच भाग ह्या दुसऱ्या वर्णनाला जुळतो. अर्थात् नाव एका परंपरेचे आणि आशय दुसरीचा. मँचेस्टरमध्ये जी फारकत आपण पाहिली तिचीच ही उलट बाजू होय. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्ता, विदाविज्ञान अशा नव्या नावांच्या पदव्या निघाल्या आहेत. त्यांच्याकडेही ह्याच दृष्टीने पाहावे लागेल.

७

तर मग निवड कशाच्या आधारे करावी? गुणवत्ताक्रम आहेत, त्यांच्या आधारे करावी, असे उत्तर अनेक जण देतात. राष्ट्रीय संस्था क्रमवारी २०१५ मध्ये जाहीर झाली आणि तिचे पहिले निकाल २०१६ मध्ये आले. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या दोन मूल्यांकन संस्थांपैकी नॅक संपूर्ण संस्थेचे मूल्यांकन करते आणि राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ अभियांत्रिकीच्या एकेका अभ्यासक्रमाचे. २०१४ पासून भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य असल्याने ह्या दुसऱ्या मूल्यांकनाला परदेशी मान्यतेच्या दृष्टीनेही महत्त्व आले आहे. ही सर्व साधने उपयुक्त आहेत आणि त्यांची उपेक्षा करू नये. परंतु संस्थेचा क्रम हा त्या संस्थेतील एका शाखेचा क्रम नव्हे, आणि शाखेचा दर्जा म्हणजे त्या वर्गातील शिकविणे नव्हे, हा विवेक मात्र ठेवावयास हवा.

इतिहास येथे उपयोगी पडतो तो असा, की तो आपल्याला नावामागचा वंश विचारावयास शिकवितो. हा विभाग कोणत्या विभागातून निघाला? त्यातील अध्यापक गणिताकडून आले की इलेक्ट्रॉनिक्सकडून? दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी कोणते विषय अनिवार्य आहेत, आणि ऐच्छिक म्हणून छापलेले विषय खरोखर शिकविले जातात काय? प्रयोगशाळेत विद्यार्थी स्वतः काही घडवितो की ठरीव प्रयोगांची वही पुरी करतो?

आमच्या विषयाच्या जवळचे म्हणून मी एक उदाहरण नेहमी देतो. आकारिक भाषा आणि त्यांची व्याकरणे हा संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमातील एक विषय आहे. १९५६ मध्ये चॉम्स्की ह्यांनी भाषावर्णनाच्या तीन प्रतिमानांविषयी जो निबंध लिहिला, त्यातील विचार ह्या विषयाच्या पायाशी आहे. अल्गोल ह्या भाषेचे व्याकरण बॅकस आणि नाउर ह्यांनी ज्या नियमपद्धतीने लिहिले, तिचे पाणिनीच्या सूत्रपद्धतीशी असलेले साम्य पाहून इंगरमन ह्यांनी १९६७ मध्ये तिला पाणिनीचेही नाव द्यावे असे सुचविले होते. हा विषय जेथे मन लावून शिकविला जातो तेथे विद्यार्थ्याला कळते, की यंत्राला आज्ञा देण्यापूर्वी भाषेची रचना समजावी लागते. जेथे तो केवळ परीक्षेपुरता उरकला जातो तेथे पदवीच्या नावात ‘शास्त्र’ असले काय आणि नसले काय, शास्त्र तेथे नसते. अशी परीक्षा प्रत्येकाने आपापल्या आवडीच्या विषयावरून करून पाहावी.

अर्थात् नाव सर्वस्वी निरर्थक आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. तीन वर्षांची बी.एस्सी. आणि चार वर्षांची अभियांत्रिकी ह्यांतील भेद व्यवहारात खरा आहे. परदेशातील अनेक विद्यापीठे पदव्युत्तर प्रवेशासाठी सोळा वर्षांचे शिक्षण मागतात. तेथे तीन वर्षांच्या पदवीधराला आधी एम.एस्सी. करावी लागे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नंतर विज्ञान शाखेतही चौथ्या वर्षाची सोय होऊ लागल्याने हे अंतर कमी होत आहे. नोकरीच्या जाहिरातीत पदवीचे नाव असते आणि त्यापुढे ‘अथवा समकक्ष’ असे शब्द असतात. त्या शब्दांचा अर्थ कोण लावतो ह्यावर उमेदवाराचे भवितव्य अवलंबून राहते. तेव्हा विद्याशाखेचा भेद जाणून घ्यावा. त्याच विद्याशाखेतील दोन विद्यापीठांच्या नामभेदाला मात्र फार महत्त्व देऊ नये. शुल्क, घरापासूनचे अंतर आणि वसतिगृह ह्या गोष्टींनाही कमी लेखू नये. कर्जाच्या ओझ्याखाली असलेल्या विद्यार्थ्याला आवडीचा विषय निवडण्याची मोकळीक राहत नाही, हे आपण सर्वांनी वर्गात पाहिलेले आहे.

८

त्या दिवशी आम्ही दोन्ही विद्यापीठांचे तिसऱ्या वर्षाचे अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिले. आधारसामग्रीच्या रचना, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, संगणकांची जाळी, गणनसिद्धान्त हे विषय थोड्याफार क्रमभेदाने दोहोंकडे होते. मुलाचा चेहरा थोडा उतरला. नावातून उत्तर मिळेल अशी त्याची अपेक्षा होती, आणि मी त्याच्याकडून तेवढाही आधार काढून घेतला होता. “मग आता मी काय पाहू, सर?” असे त्याने विचारले तेव्हा मी त्याला एवढेच सांगितले, की दोन्ही ठिकाणी जा, कार्यालयात न जाता तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना भेट, आणि गेल्या वर्षात तुम्ही स्वतः काय तयार केले ते दाखवा, असे त्यांना म्हण.

आठ दिवसांनी तो परत आला. एका ठिकाणी विद्यार्थ्यांनी त्याला गुणांच्या याद्या आणि नोकऱ्यांचे आकडे सांगितले होते. दुसऱ्या ठिकाणी दोन मुलींनी आपण लिहिलेला एक छोटासा कंपायलर चालवून दाखविला, त्यातील एक चूक त्याच्यादेखत सापडली, आणि ती दुरुस्त होईपर्यंत त्यांनी त्याला शेजारी बसवून ठेवले. प्रवेश कोठे घ्यावयाचा हे त्याने तेथेच ठरविले होते. ते महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाचे, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. निवड योग्य होती की नाही, हे सांगण्याची वेळही अद्याप आलेली नाही. पण निरोप घेताना तो म्हणाला, “त्या पदवीचे नाव काय होते ते विचारायचे राहिलेच, सर.” ते नाव पुस्तिकेत छापलेले होते, आणि त्याला ते पाठही होते, फक्त आता त्यावरून काही ठरवावयाचे उरले नव्हते.